काचेच्या कपाटातले आणि कपाटाबाहेरचे कोल्हापूर



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती असतात, विणकामाचे नमुने असतात, एखाद्या यात्रेची हकीगत असते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही मे महिन्यात गल्लीतल्या मुलींना टाऊन हॉलचे म्युझियम दाखवायला नेले होते ना, त्यावर लिहा." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे माझे काम का?" त्यावर त्या म्हणाल्या, "लिहिणारे पुष्कळ आहेत. सोबत पोरी घेऊन जाणारे थोडे आहेत." तेव्हा जे पाहिले, मागाहून जे वाचले आणि जाणत्या माणसांकडून जे विचारून घेतले, ते येथे लिहीत आहे.

भाऊसिंगजी रोडने आपण सगळ्याजणी शेकडो वेळा गेलो असू. कुणी आजारी पडले की सी.पी.आर.मध्ये डबा पोहोचवायचा, परत येताना समोरच्या टाऊन हॉलच्या बागेत घटकाभर टेकायचे, एवढीच आपली त्या जागेशी ओळख. टोकदार कमानींची ती दगडी इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली. बांधणारे चार्ल्स मँट नावाचे साहेब. आपला न्यू पॅलेसही त्यांच्याच आराखड्याचा. बागेत तोफा आहेत, त्यांच्यावर मुले घोडा घोडा खेळतात. आत शिरण्याचे कारण मात्र बायकांना सहसा पडत नाही. पाहुणे आले तर अंबाबाई, रंकाळा आणि न्यू पॅलेस दाखवतो, आणि वेळ उरला तर पन्हाळा.

या म्युझियमचा जन्म आपल्याच नदीकाठी झाला. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी सर्वांना ठाऊक आहे. तेथे राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार यांच्या खटपटीने जुन्या वस्तू उजेडात आल्या आणि १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. मिळालेल्या वस्तू ठेवायच्या कोठे, या गरजेतून १९४६ साली म्युझियम सुरू झाले आणि पुढे ते टाऊन हॉलमध्ये आले. सर्वांत खाली सातवाहनांच्या काळातले गाव निघाले. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे माणसे नांदत होती, मडकी घडवीत होती, मणी ओवीत होती.

त्या गावातली सर्वांत नावाजलेली वस्तू म्हणजे काशाची एक लहानशी मूर्ती. वीतभरही उंची नाही. ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची ती मूर्ती, नाव पोसायडन. आमच्यातली एक सातवीतली मुलगी मला म्हणाली, "काकी, एवढीशी बाहुली बघायला एवढ्या लांब आणलं व्हय?" मला हसू आले. मी तिला म्हटले, "अगं, तू गल्लीतून इथवर आलीस तर लांब म्हणतेस. ही रोमच्या राज्यातून जहाजात बसून कोकणच्या बंदरात उतरली आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून तुझ्या कोल्हापुरात आली." तेव्हा कुठे तिने दुसऱ्यांदा पाहिले. काशाचा एक आरसाही त्या वस्तूंत होता. काच नव्हे, घासून लखलखीत केलेला धातू. त्या आरशात कुणी तोंड पाहिले असेल, हे मुलींना लगेच कळले. राजाचे नाव सांगितले असते तर त्या जांभया देत राहिल्या असत्या.

पण माझे मन रमले ते बांगड्यांत. ब्रह्मपुरीच्या वरच्या, म्हणजे बहामनी काळच्या थरांत रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे पुष्कळ निघाले. पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या बायकांची ती काकणे. डॉ. दीक्षित हे पुढे भारतातल्या जुन्या काचकामाचे मोठे जाणकार म्हणून ओळखले गेले. एवढा विद्वान माणूस काचेच्या तुकड्यांवर लक्ष घालतो, याचे मला नवल वाटले. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. भांडी घासताना, धुणे आपटताना, लेकराला उचलताना वाढलेल्या त्या बांगड्या कुणी केरात टाकल्या असतील, आणि आज तोच केर इतिहास झाला आहे.

मात्र सगळ्याच बांगड्या काम करताना वाढत नाहीत. काही फोडल्या जातात. हे मी मुलींना सांगितले तेव्हा त्या गप्प झाल्या, कारण दोघींच्या घरी ते घडलेले होते. म्हणून पुढची गोष्ट मी त्यांना तेथेच बागेत बसवून सांगितली, ती येथेही सांगते.

न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये, जे १९७४ साली लोकांसाठी खुले झाले, शिकारीतली जनावरे भरून ठेवली आहेत. मुले तिकडेच धावतात. मला ती जनावरे पाहिली की राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी आठवतात. १९१८ साली रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून ते गेले. आदल्याच वर्षी त्यांचे लग्न झाले होते. मागे राहिल्या इंदुमती राणीसाहेब, वय अकरा-बारा वर्षांचे. त्या काळी अशा मुलीचे काय होत असे ते आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितले आहे. महाराजांनी सुनेला कोपऱ्यात बसू दिले नाही. आप्तांचा विरोध पत्करून सोनतळीच्या मुक्कामावर तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, आणि ती डॉक्टर व्हावी अशी इच्छा धरली. १९२२ साली महाराज गेले आणि ती इच्छा तशीच राहिली. त्याच सुमारास, १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा आणि १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागविण्याविरुद्धचा कायदा त्यांनी आपल्या संस्थानात केला होता. कायदा सगळ्या रयतेसाठी होता, पण स्वतःच्या घरात दुःख आले तेव्हाही महाराज मागे हटले नाहीत, हे मला फार मोठे वाटते. पुष्कळ सुधारक व्याख्यान दुसऱ्याच्या दारात देतात.

आणि आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला, की यापुढे गावात कुणा बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र काढायचे नाही. महिना संपायच्या आत राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. इंदुमती राणीसाहेबांच्या दुःखानंतर शंभराहून अधिक वर्षांनी! इतका वेळ का लागला, असे एका मुलीने विचारले. मी तिला म्हटले, हा प्रश्न घरी जाऊन आपापल्या आजीला विचारा. तीन मुलींनी खरोखरच विचारला, आणि एका घरी दोन दिवस अबोला होता, असे कळले. तो अबोला वाया गेला असे मला वाटत नाही.

बागेतून समोर सी.पी.आर. दिसते. पूर्वी ते अल्बर्ट एडवर्ड इस्पितळ होते. तेथे कृष्णाबाई केळवकर या लेडी डॉक्टर काम करीत. त्यांच्या आई रखमाबाई संस्थानच्या मुलींच्या शिक्षण खात्यात अधिकारी होत्या. कृष्णाबाई पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या, पुढे महाराजांच्या साहाय्याने डॉक्टर झाल्या आणि आणखी शिक्षणासाठी विलायतेसही गेल्या. आईने मुलींच्या शाळा पाहिल्या, मुलीने बायकांची दुखणी पाहिली. बाईला बाई डॉक्टर मिळणे म्हणजे काय, हे ज्या बाळंतिणीने पुरुष डॉक्टरच्या भीतीने दुखणे अंगावर काढले असेल तिलाच विचारावे.

याच भाऊसिंगजी रोडवर आणखी एक वस्तू होती, ती कोणत्याही कपाटात नाही. ती म्हणजे चहाची कपबशी. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पदरी नोकर होते. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणारांना शासन केले आणि गंगारामांना भांडवल देऊन चहाचे दुकान काढावयास लावले. त्या काळी अस्पृश्य म्हटलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार? तर स्वतः छत्रपती गाडी थांबवून तेथे चहा पीत, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. बरोबर बसलेल्यांना नाही म्हणता येईना! हुकूम काढून जे साधले नसते ते एका कपाने साधले. महाराजांच्या पश्चात १९२५ साली याच गंगारामांनी आपल्या बांधवांसह पुढाकार घेऊन नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभे केले. तो कप कुणी जपून ठेवला नाही. रोज विसळून रोज वापरायची वस्तू, एक दिवस फुटली असेल आणि दुसरी आली असेल.

म्युझियमविषयी मला जे सांगायचे आहे ते हेच. जे जमिनीत गाडले गेले किंवा राजवाड्यात निगुतीने ठेवले गेले, ते आज कपाटात आहे, आणि ते असावेच. पण ज्या वस्तूंनी माणसे बदलली त्या बहुतेक वापरून झिजून गेल्या. त्या पाहावयाच्या तर कुणीतरी जाणत्याने हाताला धरून पोरांना त्या जागेवर न्यावे लागते आणि "इथे ती होती" असे सांगावे लागते.

वस्तीगृहांचेच पाहा. दसरा चौकात गेलो की आपण वाहनांच्या गर्दीने त्रासतो. त्या चौकाच्या आसपास नजर टाकली तर बोर्डिंगच्या पाट्या दिसतात. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच साली जैन बोर्डिंग. मग मुस्लिम, लिंगायत, शिंपी अशी एकामागून एक. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नव्हे. जातीजातीची वेगळी बोर्डिंगे का, असा प्रश्न आजची मुले विचारतात. माझ्या मुलीनेही विचारला. त्या काळी एका पंगतीला बसून जेवावयास कुणी तयार नव्हते, आणि पंगत एक होईपर्यंत पोरांना उपाशी आणि अडाणी ठेवावे काय? महाराजांनी आधी पोटाची आणि पुस्तकाची सोय केली. पंगतीचे मागाहून पाहू, असा त्यांचा हिशेब असावा, असे मला वाटते. घर चालविणाऱ्या बाईला हा हिशेब पटकन समजतो.

पंगतही मोडली, ती पोरांनीच. जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील नावाचा एक आडदांड विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो, असे त्याला सांगण्यात आले. तो काही केल्या आंघोळ करीना. त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तेच आपले कर्मवीर भाऊराव. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. तेथे सगळ्या जातींची मुले एकत्र जेवू लागली. कोल्हापूरने ज्याला घडविले त्याने कोल्हापूरच्या एक पाऊल पुढे टाकले. शिष्य असा असावा.

या बोर्डिंगात मुलांना जेवण कोण करून घालीत होते? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या घरच्या सोवळ्या-ओवळ्याच्या वळणाच्या. आधी त्यांना हे जड गेले, पुढे त्या साऱ्या पोरांच्या आई झाल्या. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. आता सांगा, ते मंगळसूत्र कोणत्या म्युझियममध्ये सापडेल? त्याची ज्वारी झाली, ज्वारीच्या भाकरी झाल्या, आणि भाकरी खाऊन पोरे मास्तर झाली.

चित्रांच्या दालनाविषयी थोडेच लिहिते, कारण चित्रातले मला फारसे कळत नाही. आबालाल रहिमान यांची चित्रे तेथे आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा चित्रकार मोठ्या नावाच्या मागे न लागता कोल्हापुरात राहिला आणि कोटितीर्थाच्या परिसरात चित्रे काढीत बसला. १९३१ साली ते गेले. पुढच्या कोल्हापुरी चित्रकारांनी त्यांना गुरुस्थानी मानले. पाणी आणि पाण्यावरचा उजेड पाहून एक मुलगी म्हणाली, "हे आपल्या रंकाळ्यासारखं दिसतंय." मला तेवढे पुरेसे वाटले.

बाबूराव पेंटर यांची गोष्ट मात्र मुलींना फार आवडली, कारण सिनेमाची आहे. मेस्त्री घराण्यातला हा माणूस, नाटकाचे पडदे रंगवीत असे. आतेभाऊ आनंदराव यांच्यासह सिनेमाचा कॅमेरा आपल्या हातांनी करण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी काम सोडले नाही. दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला. १९१७ साली त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला, आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटले. त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम ही मंडळी तयार झाली आणि १९२९ साली त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. शांताराम आधी कंपनीत पडेल ते काम करणारा पोरगा होता. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तो तरुण शेतकरी झाला. शाळेचा दाखला न विचारता गुरूने काम हातात दिले, म्हणून हे झाले. 'सैरंध्री'त दोन स्त्रियांनी कामे केली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. घरंदाज म्हणविणारे लोक तर नाटकातही पुरुषालाच लुगडे नेसवीत होते. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळून आता जाल तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगा.

आता थोडे स्वतःविषयी. १९१७ सालीच कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले होते. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून घटकाभर बसले. माझ्या गावची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल दुसऱ्या गावी, वाटेत ओढा आणि उसाचे रान. थोरला भाऊ सायकलवरून जाई. माझ्यासाठी सायकल नव्हती आणि सोबतही नव्हती. घरी कुणी वाईट नव्हते. वडिलांनी दप्तर खुंटीला टांगून ठेवले, टाकले नाही. पुढे आईने त्याची धान्याची पिशवी केली. दंडाची भीती सातवीला संपते, त्यापुढे कुणीतरी सोबतीला चालावे लागते. म्हणूनच आमच्या गल्लीतल्या मुलींना आठवीत जाताना सोबत आहे की नाही, एवढे मी दर जूनमध्ये विचारून घेते. कुणी मला नसती उठाठेव म्हणते. म्हणू दे.

म्युझियम पाहून आल्यावर मुलींनीच काढले, की आपल्या मंडळात एक टेबल मांडू या. राजाच्या वस्तू नकोत, आपल्याच घरांतल्या. झाले, माळे झाडून झाले. २०१९ च्या महापुराने नदीकाठच्या घरांतले पुष्कळ धुऊन नेले होते, तरी निघायचे ते निघाले. पाण्याचा डाग पडलेला एक लग्नाचा फोटो आला. पाटी आली, जात्याचा खुंटा आला, शिवणाच्या क्लासचे प्रमाणपत्र आले. एका सुनेने आपला कॉलेजचा एस.टी. पास आणला. लग्न ठरल्यावर सासूने "परीक्षा झाल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत" असे सांगून तो चालू ठेवायला लावला होता. सासू शेजारीच उभी होती, पण तिने पदराने तोंड झाकून घेतले.

सर्वांत थोरल्या सभासद आजींनी लोखंडी ट्रंक आणली. त्यांचे सासरे बोर्डिंगात शिकायला आले ते ही ट्रंक घेऊन. मुलींनी लगेच सुरेख अक्षरात कार्ड लिहिले, सासऱ्यांचे नाव, गाव, बोर्डिंग. आजींनी चष्मा लावून ते वाचले आणि म्हणाल्या, "ट्रंक त्येंची खरी. पण तिच्यात तिळाची चटणी आन् दशम्या भरून देणारी माझी आजेसासू. तिचं नाव कुठाय?" एक भगिनी म्हणाल्या, कार्डावर वस्तू ज्याची त्याचेच नाव असते, म्युझियममध्ये तशीच पद्धत आहे. आजी म्हणाल्या, "मग तुमची पद्धत तिथं ठेवा." बराच वेळ वाद चालला. शेवटी आजींनी नाव सांगितले, कृष्णाकाठच्या माहेरच्या गावासकट. पहिल्या कार्डावर जागा उरली नव्हती, म्हणून दुसरे कार्ड दोऱ्याने जोडले आहे.

हे टेबल वर्धापनदिनापासून आठ दिवस मंडळाच्या खोलीत खिडकीशेजारी राहील. जवळ एक वही ठेवली आहे. आपल्या घरची अशी एखादी वस्तू हरवली असेल, विकली गेली असेल, तर वहीत तिचे नाव आणि ती वापरणारीचे नाव लिहावे. पेन दोऱ्याने बांधले आहे, ते तेथेच ठेवावे.